हँड थेरपीचं प्रगत प्रशिक्षण: कोकणातल्या थेरपिस्टांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) मंडळींचे फोन येतात, तेव्हा प्रश्न साधारण तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. जिथे माझं स्वतःचं मत आहे, तिथे ते तसं सांगितलं आहे.

हँड थेरपी म्हणजे फक्त बोटांचे व्यायाम का?

नाही. बोटांच्या टोकापासून खांद्यापर्यंत सगळं त्यात येतं. हात हवा तिथे नेऊन ठेवायचं काम खांद्याचं, तोंडापर्यंत घास आणायचं काम कोपराचं, आणि मनगट थोडं मागे वळल्याशिवाय मूठ घट्ट बसत नाही. त्यामुळे मानेतून निघणाऱ्या नसा, भाजलेल्या हाताचे व्रण, लकव्यानंतरचा हात, स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर हाताला येणारी सूज, हे सगळंच अभ्यासात असतं.

पदवीला हात शिकवतातच की. मग वेगळं प्रशिक्षण कशाला?

शिकवतात, पण पाठीचा मणका, गुडघा, लकवा, छातीचे आजार या सगळ्यांत हाताच्या वाट्याला फार कमी दिवस येतात. आणि हाताचं असं आहे की तक्रार एक असते, कारणं पाच असतात.

'बोट वाकत नाही' हीच तक्रार घ्या. आधी आपण आपल्या हाताने ते बोट वाकवून बघायचं. आपल्याही हाताने वाकत नाही आणि मनगट, बोटाचं मूळ कसंही ठेवलं तरी तेवढंच अडतं, तर सांधा आखडलाय. आपल्या हाताने पूर्ण वाकतं पण पेशंटला स्वतःहून वाकवता येत नाही, तर टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) चिकटलंय, तुटलंय किंवा नसेचा संदेशच पोचत नाही. बोटाचं मूळ सरळ धरलं की मधला सांधा वाकायला अडतो आणि मूळ वाकवलं की मोकळा होतो, तर हातातल्या लहान स्नायूंना ताठरपणा आलाय. याच्या उलट झालं, तर दोष हाताच्या मागच्या बाजूच्या टेंडनमध्ये. ही तपासणी दोन मिनिटांची आहे. ती न करता सगळ्यांनाच मेणाचा शेक आणि चेंडू दाबायला दिला, तर पहिल्या प्रकारच्या पेशंटला थोडा फायदा होईल, बाकीच्यांचे महिने वाया जातील. आणि टेंडनला नुकतेच टाके घातले असतील, तर तो चेंडू ते तोडूनही टाकेल.

प्रगत प्रशिक्षणातून हा फरक बोटांना कळायला लागतो. नवीन यंत्रं हाताळायला मिळतात ही गोष्ट त्यामानाने दुय्यम आहे.

हे काम फिजिओने करायचं की ओटीने?

दोघांनी. परदेशातली हँड थेरपीची परीक्षा दोघांनाही खुली आहे. स्प्लिंट (हाताला हव्या त्या स्थितीत धरणारा आधार) बनवणं आणि रोजच्या कामात हात परत आणणं ही ओटीची जुनी ताकद. आपल्याकडे ऑक्युपेशनल थेरपीचा पाया कमला निंबकर यांनी 1950 मध्ये मुंबईत विद्यालय काढून घातला, तेव्हा आशियात असं दुसरं विद्यालय नव्हतं. कोकणात मात्र ओटी मोजकेच, त्यामुळे फिजिओला स्प्लिंट शिकल्याशिवाय गत्यंतर नाही. जवळपास ओटी असेल तर त्यांच्याशी स्पर्धा न करता आठवड्यातून एक दिवस एकत्र बसा. दोघांचंही काम सुधारतं.

कोकणात हाताचे पेशंट येणार किती? मुंबईत ठीक आहे.

हा प्रश्न ऐकला की मला वाईट वाटतं, कारण इथलं जवळपास प्रत्येक काम हातावर चालतं आणि प्रत्येक कामाची इजा वेगळी आहे.

मिरकरवाडा, हर्णे, मालवण, देवगड कुठल्याही बंदरावर जा. विंचमध्ये किंवा दोराच्या वेढ्यात बोट सापडलेला खलाशी भेटेल. माशाचा काटा रुतून बोट आठवडाभर सुजलेलं असेल आणि तरी तो जाळं विणत बसलेला असेल. सांध्यापाशी काटा रुतून सूज उतरत नसेल, तर ते व्यायामाचं काम नाही, त्याला तातडीने डॉक्टरांकडे पाठवायचं. वेंगुर्ला, सावंतवाडी, कुडाळ पट्ट्यात काजू कारखान्यांतल्या बायका दिवसभर तीच एक हालचाल करतात. त्यांचे अंगठे आणि मनगटं दुखतात, आणि टरफलातल्या तेलाने बोटांची कातडी काळी पडून सोलते. अशा बोटावर स्पर्शाची चाचणी कशी करायची हे पुस्तकात नीट सापडत नाही. घट्ट्यावर स्पर्श तपासायचा नायलॉनचा तंतू टेकवला तर तो जाणवत नाही, आणि नस ठीक असूनही आपण तिला दाबलेली ठरवतो. म्हणून घट्टा सोडून शेजारची जागा निवडायची आणि ती जागा नोंदवहीत लिहून ठेवायची.

चिरेखाणीवरच्या यंत्राने कापलेले हात येतात. आंबे काढताना झाडावरून पडून मनगट, कोपर मोडलेले येतात. कोयतीचा घाव डाव्या हाताच्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर, कारण डाव्या हाताने धरून उजव्याने तोडायचं. टेनिस बॉलच्या क्रिकेटमध्ये बोटाच्या टोकावर चेंडू लागून पुढचं पेर लोंबणारी मुलं प्रत्येक गावात असतात. ही इजा किरकोळ समजली जाते. खरं तर त्या पेराला सहा ते आठ आठवडे अखंड सरळ ठेवणारी साधी पट्टी पुरते. मधल्या सांध्याला मात्र मोकळं सोडायचं. आंघोळीला पट्टी काढली आणि पेर एकदा जरी वाकलं, तरी दिवस पहिल्यापासून मोजायचे. म्हणून पट्टी बदलताना बोट टेबलावर सपाट ठेवायला शिकवायचं, आणि मुलाबरोबर त्याच्या आईलाही.

पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात घसरून मनगट मोडणाऱ्या आज्या तर प्रत्येक वाडीत. गणपतीला चाकरमानी मुलगा येतो आणि आईला मोदकाची पारी वळता येत नाही हे त्याला तेव्हा दिसतं. तोवर प्लास्टर निघून महिना उलटलेला असतो आणि बोटं काठीसारखी झालेली असतात. प्लास्टर असतानाच बोटं, कोपर आणि खांदा रोज हलवा, एवढं तिला कुणी समजावून सांगितलं असतं तर यातलं बरंच टळलं असतं.

साप चावल्यानंतरचा हात आपल्याकडे येतो का?

येतो, फुरशाच्या आणि घोणसीच्या प्रदेशात यायलाच हवा. गवत काढताना, लाकडं उचलताना दंश हातावरच होतो. प्रतिविष देऊन जीव वाचवण्याचं काम रुग्णालयाचं. आपला भाग नंतरचा: सूज, कातडी गेलेली जागा, आखडलेली बोटं. डॉक्टरांनी मोकळीक दिली की हात उंच ठेवणं, बोटांच्या मुळाशी वाक आणि पुढचे सांधे सरळ अशा स्थितीत आधार देणं, आणि लवकर हालचाल. बोटाच्या मुळाचा सांधा सरळ राहिला की आखडतो आणि पुढचे सांधे वाकलेले राहिले की आखडतात, म्हणून ही स्थिती. सुजलेल्या हाताच्या बाबतीत ही एक गोष्ट तालुक्याच्या प्रत्येक दवाखान्यात माहीत असायला हवी.

या अभ्यासातला सगळ्यात अवघड भाग कोणता?

तळहाताच्या बाजूचे, म्हणजे बोट वाकवणारे टेंडन. तळहाताच्या शेवटच्या रेषेपासून बोटाच्या मधल्या पेराच्या मध्यापर्यंतच्या भागाला दुसरा झोन म्हणतात. तिथे दोन टेंडन एकाच अरुंद आवरणातून सरकतात. स्टर्लिंग बनेल या शल्यचिकित्सकाने त्या जागेला 'नो मॅन्स लँड' म्हटलं होतं, कारण तिथे टाके घातले तरी टेंडन आजूबाजूला चिकटायचं. एके काळी तिथे लगेच शस्त्रक्रिया न करण्याचाच सल्ला असे. 1967 मध्ये हॅरॉल्ड क्लाइनर्ट यांनी रबरबँडच्या आधाराने लवकर हालचाल देऊन चांगले निकाल मांडले. 1975 मध्ये ड्युरान आणि हाउसर यांची दुसऱ्या हाताने हलवायची पद्धत आली. आज टाके मजबूत असतील तर पेशंटने स्वतःच हलकेच बोट वाकवायचं, इथपर्यंत गोष्ट आली आहे.

अवघड काय, तर दोन्ही बाजूंना धोका. न हलवलं तर चिकटतं, जास्त हलवलं तर तुटतं. सुरुवातीच्या आठवड्यांत टाके घातलेली जागा मऊ पडते, आणि नेमकी तेव्हाच हालचाल सुरू करायची असते. हातात बळ साधारण बारा आठवड्यांनी. त्याआधी जाळं ओढणं, कळशी उचलणं बंद. पेशंटला तर तिसऱ्या आठवड्यातच बरं वाटायला लागतं, जखम भरलेली दिसते आणि तो होडीवर चढतो. म्हणून 'दुखत नाही म्हणजे जुळलंय असं नाही' हे त्याला आणि त्याच्या तांडेलाला (नावेच्या प्रमुखाला), दोघांना समोर बसवून सांगावं लागतं. तांडेलाने हलकं काम दिलं तर निम्मा प्रश्न सुटतो.

चांगलं प्रशिक्षण इथे ओळखू येतं. शिकवणारा नुसता तक्ता वाटत असेल, 'पहिला आठवडा हे, दुसरा आठवडा ते', तर त्यातून काम चालवता येतं पण निर्णय घेता येत नाही. त्याने सांगायला हवं की सूज जास्त असेल तर टेंडनला सरकायला जोर जास्त लागतो, म्हणून आधी सूज उतरवा. तिसऱ्या आठवड्यात बोट फारच सहज आणि पूर्ण वाकत असेल तर चिकटणं कमी आहे, म्हणजे तुटण्याचा धोका जास्त, तिथे थोडं थांबा. कमी वाकत असेल तर थोडं पुढे जा.

सर्जन कोल्हापूरला किंवा मुंबईत. इथून त्यांच्याशी बोलायचं कसं?

सिंधुदुर्गातला पेशंट गोव्यात बांबोळीला जातो, रत्नागिरीतला कोल्हापूर-मिरजेला, रायगडातला मुंबईला. परत येताना हातात डिस्चार्ज कार्ड असतं आणि त्यावर एक ओळ: 'टेंडन दुरुस्ती केली, फिजिओ सुरू करा.' एवढ्यावर काम सुरू करू नका. शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद मागा. टाका किती पदरी आहे, कुठला टेंडन, सोबत नस किंवा रक्तवाहिनी जोडली का, आवरण कापावं लागलं का, हे विचारा. चार पदरी किंवा त्याहून मजबूत टाका असेल तर स्वतः हालचाल करण्याचा विचार करता येतो, दोन पदरी असेल तर जपून.

फोन लागत नसेल तर दर आठवड्याला त्याच कोनातून चार फोटो पाठवा: मूठ समोरून, मूठ बाजूने, हात उघडा समोरून, उघडा बाजूने. खाली कोन अंशांत लिहा. व्यस्त सर्जनही अशा निरोपाला उत्तर देतात, कारण त्यांनाही आपला पेशंट घाटाखाली गेल्यावर पुढे काय झालं हे कळत नसतं.

स्प्लिंट बनवायला शिकायलाच हवं का? तयार मिळतात ना?

शिकायलाच हवं. मेडिकलच्या दुकानात मिळणारं मनगटाचं स्प्लिंट तळहाताच्या रेषेच्या पुढे आलेलं असतं, आणि बोटं मुळातून वाकायचीच थांबतात. स्वतः बनवताना ती कड कुठे संपवायची हे हाताला कळतं.

थर्मोप्लास्टिकचे पत्रे साधारण 65 ते 70 अंश सेल्सिअसच्या पाण्यात मऊ होतात. इथेच कोकणातली गोम आहे. एप्रिलच्या उन्हात दुचाकीच्या डिकीत किंवा बंद गाडीत ठेवलेलं स्प्लिंट वाकडं होतं, चुलीशेजारच्या फडताळावर ठेवलेलंही. पेशंटला दोष कळत नाही, तो तेच वाकडं स्प्लिंट घालत राहतो. दुसरी अडचण घाम. दमट हवेत आतली कातडी पांढरी पडून सोलते. छिद्रं असलेला पत्रा घ्या, आत सुती मोजा द्या, दोन मोजे द्या म्हणजे एक वाळत राहील. बंदरावरच्या पेशंटच्या वेल्क्रोत वाळू भरते आणि पट्टा धरत नाही. जुन्या टूथब्रशने तो साफ करायला शिकवा. पहिल्या दिवशी अर्धा तास घालून, काढून बघा. कातडीवरचा लाल डाग वीस मिनिटांत गेला नाही तर त्या जागी पत्रा दाबतोय.

पत्रे महाग आहेत आणि बाहेरून मागवावे लागतात. प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी, फोम लावलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, गावच्या चांभाराकडून शिवून घेतलेले चामड्याचे पट्टे यांतून पुष्कळ काम होतं. पण टेंडनच्या स्प्लिंटमध्ये काटकसर नको.

कुठली उपकरणं आधी घ्यावीत?

बोटाचा छोटा गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायचं साधन, सर्वांत आधी. मग स्पर्श तपासायचे नायलॉन तंतू, आकडा जितका मोठा तितका तंतू जाड: हिरवा 2.83 जाणवला तर स्पर्श ठीक, निळा 3.61, जांभळा 4.31, आणि लाल 4.56 तेवढाच जाणवत असेल तर त्या बोटाला भाजलेलंही कळणार नाही. अशा बाईला चुलीवरून टोप उतरवताना फडकं वापरायची सवय व्यायामाच्याही आधी लावायची. बधिर हाताला वेदनेअभावीच इजा होते, हे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कुष्ठरुग्णांवर काम करताना जगाला दाखवलं. ब्रँड 1946 मध्ये तिथे आले होते. मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांचं नावही या क्षेत्रात घ्यायला हवं. त्यांचा 'जेस' फिक्सेटर (हाडं बाहेरून तारांनी धरून ठेवणारी चौकट) लावलेले हात आजही येतात, तेव्हा त्या तारांभोवतीची स्वच्छता आणि मोकळ्या सांध्यांची हालचाल आपणच बघायची.

पकडीची ताकद मोजणारा डायनॅमोमीटर नंतर घ्या. कोपर काटकोनात, हँडल दुसऱ्या खाचेत, तीन वेळा मोजून सरासरी.

प्रश्नावल्या वापराव्यात का? त्या आपल्या पेशंटला लागू पडतात?

वापराव्यात, पण डोळे उघडे ठेवून. हाताने रोजची कामं किती जमतात हे विचारणाऱ्या डॅश प्रश्नावलीत 30 प्रश्न, तिच्या छोट्या रूपात, क्विकडॅशमध्ये, 11. त्यातल्या छंदांच्या प्रश्नात गोल्फ आणि टेनिस आहे. प्रश्नाचा मजकूर मनाने बदलायचा नाही, नाहीतर गुणांना अर्थ राहत नाही. त्याच्या जोडीला पेशंटनेच निवडलेली तीन ते पाच कामं घ्या आणि प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्यायला सांगा. मग खरं काय ते समोर येतं: विळीवर नारळ खोवणं, पहारीवर नारळ सोलणं, शिमग्याला पालखीला खांदा देणं, भजनात पखवाज वाजवणं. पेणच्या मूर्तिशाळेतल्या कारागिराला मुठीच्या ताकदीशी देणंघेणं नाही, त्याला डोळ्यांची आखणी करताना ब्रश थरथरायला नको असतो. उपचार तिथूनच ठरवायचे.

फ्रॅक्चरनंतर हात लालबुंद, गरम, हात लावू देत नाही. असं दिसलं तर?

हे 'सीआरपीएस' (इजेनंतर वेदना प्रमाणाबाहेर वाढून टिकून राहण्याचा विकार) असू शकतं. त्याच्या निदानासाठी बुडापेस्ट निकष आहेत: इजेच्या मानाने जास्त वेदना, रंग-तापमानातला फरक, सूज-घाम, हालचाल-केस-नखांतले बदल. ते पाठ असावेत. प्लास्टर घातल्यावर पहिल्याच आठवड्यात 'फार आवळतंय' असं पेशंट म्हणाला तर ते कधीही झटकून टाकू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला लावा.

इथे गरम तेलाने रगडून मालिश करण्याची पद्धत आहे, ती अशा हाताचं फार नुकसान करते. जोर लावायचा नाही. डावा-उजवा हात चित्रांतून ओळखणं, मग हालचाल मनात करणं, मग आरशात चांगल्या हाताचं प्रतिबिंब बघत, या क्रमाने जायचं. आरसा साधा कपाटाचा चालतो. क्रम मात्र मोडू नका, घाईने आरशावर गेलं तर काहींची वेदना वाढते.

'सीएचटी' परीक्षा द्यावी का?

अमेरिकेतल्या हँड थेरपी सर्टिफिकेशन कमिशनची 'सर्टिफाइड हँड थेरपिस्ट' ही परीक्षा 1991 पासून होते. ओटी किंवा फिजिओ म्हणून किमान तीन वर्षं आणि हाताच्या प्रत्यक्ष उपचाराचे 4000 तास लागतात. रोज चार तास हाताचे पेशंट आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तर चाळीस महिने. भारतीय नोंदणीवर अर्ज चालतो का, ते त्यांच्या पत्रकात आधी वाचा.

माझं मत विचाराल तर पाटीवर अक्षरं लावण्यासाठी देऊ नका. अभ्यासक्रमाची यादी मात्र आजच मिळवा आणि तीच आपला अभ्यास म्हणून धरा.

ऑनलाइन शिकून चालेल?

शरीररचना, नसांचा अभ्यास, केसवर चर्चा यासाठी उत्तम. स्प्लिंट आणि सांध्याची तपासणी नाही. सुजलेल्या बोटाचा अडकाव आणि आखडलेल्या बोटाचा अडकाव यांतला फरक स्क्रीनवर जाणवत नाही. ज्या प्रशिक्षणात प्रत्येकाने निदान काही स्प्लिंट स्वतःच्या हाताने बनवून खऱ्या पेशंटला घातलेली नसतात, त्याला मी प्रगत म्हणणार नाही. कोइम्बतूरचं गंगा हॉस्पिटल, वेल्लोर, मुंबईतली मोठी रुग्णालयं यांपैकी जिथे हाताच्या शस्त्रक्रियांची गर्दी आहे, तिथे काही आठवडे उभं राहून बघायची परवानगी मागा. दोन दिवसांच्या कार्यशाळांच्या माळेपेक्षा ते जास्त देतं.

वर्षातून कधी जावं?

मासेमारीबंदीच्या काळात, 1 जून ते 31 जुलै, दवाखाना सोडू नका. वर्षभर दुखणं अंगावर काढलेले खलाशी तेव्हाच घरी असतात. आंब्याच्या मोसमातही इजा जास्त. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा त्यातल्या त्यात मोकळा काळ.

पेशंट तीनदा येतो आणि बंद होतो. प्रशिक्षण घेऊन उपयोग काय?

एसटी दिवसातून दोनदा, भाडं, बुडालेली मजुरी. दोष पेशंटचा नाही. रोज येण्यावर चालणारी पद्धत इथे चालणारच नाही, म्हणून घरी करायचं काम नेमकं द्यायचं. 'व्यायाम करा' असं नाही, तर 'प्रत्येक चहाच्या वेळी दहा वेळा, असा'. त्याच्याच मोबाइलवर त्याच्याच हाताचा व्हिडिओ काढून द्या. नस जोडलेली असेल तर हिशेब मांडून दाखवा: दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत सतरा-अठरा सेंटीमीटर, म्हणजे सहा महिने, त्याआधी काही विचारू नका. हिशेब कळला की माणूस टिकतो, महिन्यातून एकदा का होईना पण येतो.

तुटलेलं बोट घेऊन लोक आधी आमच्याकडे येतात. काय सांगावं?

तुकडा स्वच्छ, किंचित ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात. तुकडा थेट बर्फावर नको. मच्छीच्या बर्फाच्या पेटीत नुसताच टाकलेला तुकडा जोडण्यासारखा राहत नाही, बंदरावर हे आधीच सांगून ठेवा. जखमेवर दाबून पट्टी, हात वर, आणि लगेच गाडी.

अजून प्रशिक्षण घेतलं नाही. आजपासून काय करता येईल?

एक वही करा. प्रत्येक हाताच्या पेशंटचं वय, काम, कुठला हात, इजा कशाने, किती दिवसांनी आला, प्रत्येक सांध्याचे कोन, आणि बारा आठवड्यांनी तो कामावर परत गेला का. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या अशाच बारकाईने ठेवलेल्या नोंदींतून 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकापर्यंत पोचणारं संशोधन केलं, तेही रायगडातून. कोकणातल्या हातांच्या इजांची अशी नोंद तालुक्यातालुक्यातून जमली, तर प्रशिक्षणात काय शिकवायचं हे मुंबई-पुण्याकडे बघून ठरवावं लागणार नाही. कोन मोजताना पेन्सिलने सांध्यावर खूण करा, मनगट दरवेळी त्याच स्थितीत ठेवा, आणि वेळ लिहा, कारण सकाळी सूज असते तेव्हाचा कोन आणि संध्याकाळचा कोन वेगळा येतो.